जावयाची विद्या

"तोंड फिरव! ए पाव्हण्या, तोंड फिरव की!"

झुंबरबाईचा आवाज असा, की चरकाला जुंपलेले बैलसुद्धा जागच्या जागी थबकले. पण तो काही वळला नाही. खांद्यावर बोचकं, पायात झिजलेल्या वहाणा, केसांवर पाथर्डीपासूनची धूळ... आणि डोळे सरळ समोर.

आमच्या गुऱ्हाळाचा शिरस्ता त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? उसाचा रस काहिलीत उकळायला लागला, की माझे आबा त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस आणि चुन्याची निवळी घालत. आबा त्यासाठी उठले रे उठले, की गुऱ्हाळावरच्या झाडून सगळ्या माणसांनी काहिलीकडं पाठ करायची. मालक काकासाहेब हजर असले तर त्यांनीसुद्धा. किती घालायचं, केव्हा घालायचं, काहील केव्हा उतरवायची, ही आबांची विद्या. ती कुणी बघायची नाही.

"आरं, समदी पाठ करून हुबी हायेत, दिसंना का तुला?" झुंबरबाई पाठमोरीच खेकसली. "काहिलीकडं बघायचं नसतंय!"

"मी काहिलीकडं बघतच न्हाई," तो म्हणाला.

"मग कुनीकडं बघतुयास?"

तो बोलायला गेला... आणि गप्प झाला. कारण काहिलीपाशी दोनच माणसं होती. एक माझे आबा, वय वर्षं साठ. आणि दुसरी मी.

बारा पाठी एकदम हसायला लागल्या. मी हातातली पाण्याची कळशी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि चेहरा शक्य तितका कडक केला. तो मात्र कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन वळला, तो थेट चुलवाणाच्या खड्ड्यात पडता पडता वाचला.

असा कानिफनाथ आमच्या गुऱ्हाळावर आला.

लढाईचा काळ होता. साखर रेशनवर गेली होती, त्यामुळं कोपरगावच्या बाजारात गुळाच्या ढेपा गाडीतून उतरायच्या आधीच बोली लागून विकल्या जात. कालव्याच्या कडेनं जिकडंतिकडं गुऱ्हाळं पेटली होती. त्यांत काकासाहेबांच्या गुऱ्हाळाचा गूळ म्हणजे पिवळाधमक, खणखणीत. कारण त्यांचा गुळव्या होता रंगनाथआबा. म्हणजे माझा बाप. हे मी जरा मान वर करूनच सांगते, आणि का सांगू नये?

आमच्या घरात ही विद्या तीन पिढ्या चालत आलेली. मुलाला द्यायची, मुलगा नसला तर जावयाला. परक्याला नाही. आबांना मुलगा नव्हता, मी, चांगुणा, एकटीच. त्यामुळं मला बघायला येणारे मला बघायलाच येत की आणखी कशाला, याचा मला भारी राग होता. शिर्डीकडच्या एका स्थळानं तर माझं नाव विचारायच्या आधी आबांना चुन्याचं माप विचारलं. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि आत निघून गेले. तो विषय तिथंच संपला.

आता एक गोष्ट सांगते, ती तेव्हा फक्त दोघांना ठाऊक होती. दोन वर्षांपासून आबांना काहील दिसत नव्हती. चाळीस वर्षं धुरात आणि वाफेत उभं राहिलेले डोळे ते. त्यांना माणूस ओळखू यायचा, पण पाकाचा रंग, बुडबुड्यांचा आकार... ते सगळं धुकं झालं होतं. पाणी द्यायच्या निमित्तानं शेजारी उभी राहून काहील मी बघत होते. बाईमाणसानं पाकात लक्ष घातलं तर गूळ फसतो, असं सगळ्यांचं म्हणणं, म्हणून उघड बोलायची सोय नव्हती. मग आम्ही बापलेकींनी खुणेचे बोल ठरवले. "आबा, पानी देऊ का?" म्हणजे मळी वर आली, काढायला लावा. "आबा, उन्हं चढली" म्हणजे जाळ कमी करायला सांगा. "आबा, भाकरी निवली" म्हणजे पाक तयार, उतरवा काहील. आबा जागचे हलत, जोरात हुकूम सोडत, आणि लोक म्हणत, वा! काय नजर आहे म्हाताऱ्याची!

कानिफला काकासाहेबांनी जाळावर बसवलं. चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसायचं आणि उसाची वाळलेली चिपाडं आत सारायची. सगळ्यांत तापदायक काम. त्यानं कुरकुर केली नाही. झुंबरबाईनं पहिल्याच दिवशी त्याचं आडनाव, कूळ, मामाचं गाव सगळं काढून घेतलं आणि माझ्याकडं बघून उगाचच मान हलवली. मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. म्हणजे, फारसं दिलं नाही.

गुळाची काहील गार व्हायला वाफ्यात ओतली की पहिला गरम गोळा जाळावरच्या माणसाला द्यायचा, अशी रीत. तो द्यायचं काम माझ्याकडं होतं. म्हणजे आधी झुंबरबाईकडं होतं... त्या महिन्यात माझ्याकडं आलं.

"जपून. पोळंल," मी वडाच्या पानावरचा गोळा पुढं करत म्हटलं.

"जाळापुढं बसून पोळायची सवं झालीया," तो म्हणाला. "हितं निदान गोड तरी लागंल."

"पाथर्डीकडं समदी अशीच बोलत्यात व्हय?"

"पाथर्डीकडं बोलायला कुनी घावतच न्हाई. मानसं थोडी, दगडं लई. कधी दगडासंगं बोलतो आमी."

"आन् ते उत्तर देत्यात?"

"न्हाई. पर हसत बी न्हाईत." आणि माझ्याकडं बघून तोच हसला. काजळी लागलेल्या चेहऱ्यात ते पांढरे दात... मी पदर सावरला आणि उगाच आभाळाकडं बघितलं.

असे दिवस जात होते. एक दिवस मात्र त्यानं गोळा हातात घेतलाच नाही.

"एक इचारू?" तो हळूच म्हणाला. "तुमी 'उन्हं चढली' म्हनलं की लगीच आबा जाळ कमी करायला सांगत्यात. रोजचंच हाय त्ये. म्हनून मी आताशा आबांची वाटच बघत न्हाई. तुमचा आवाज आला की चिपाडं मागं वढतो."

"काय तरीच!"

"आज सकाळी बी तुमी म्हनालात, उन्हं चढली. आन् आभाळ तर गच्च भरलेलं."

मी हातातलं पान खाली ठेवलं. "कुनाला सांगितलंत?"

"कुनाला सांगू? आन् कशापायी?" तो सरळ माझ्याकडं बघत म्हणाला. "मला तर फुकटात शिकाया मिळतंय. आमच्याकडं पाऊस झाला तर माणूस शेतकरी, न्हाई झाला तर हमाल. हातात एखादी विद्या असली ना, की माणूस कुठं बी ताठ हुभा ऱ्हातो. म्हनून घर सोडलंया मी."

मला तो आवडला. आडपडदा न ठेवता सांगते, त्या क्षणी फार आवडला. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. यालाही विद्याच हवी होती की!

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. दुपारी सगळी भाकरीला बसली होती, काकासाहेबही आले होते. तेवढ्यात कानिफ उठला, आबांच्या पाया पडला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आबा, मला हाताखाली घ्या. तुमची विद्या मला द्या."

घास तोंडाकडं नेणारे हात तसेच राहिले. आबांनी चेहरा त्याच्या दिशेला वळवला. मग झुंबरबाईला जे हसू फुटलं, ते काही आवरेना.

"आरं खुळ्या," ती डोळे पुसत म्हणाली, "त्यांची विद्या जावयाला मिळती! तू समद्या गुऱ्हाळाम्होरं चांगीला मागनी घातलीस!"

तो उभ्या उभ्या गोठला. एकदा आबांकडं बघितलं, एकदा झुंबरबाईकडं, आणि मग माझ्याकडं. आता हा माणूस काय बोलतो, म्हणून मी कान टवकारले. आणि तो बोलला...

"मग... तसं बी चालंल."

तसं बी चालंल!

बाजारात पांढरी गाय नाही मिळाली, तर तांबडी चालेल म्हणतात, तसं! सगळे हसले. आबासुद्धा मिशीतल्या मिशीत हसले, त्यांना पोरगा पहिल्यापासून पसंत होता. मी मात्र भाकरी तशीच टाकून उठले.

घरी आबांना मी स्वच्छ सांगितलं, "मला द्यायचं तर मला म्हनून द्या. इद्येवर वरकड म्हनून देऊ नगा." आबांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी एक मोठा मूर्खपणा केला. माझ्या आवाजावर शिकतोस काय, मग घे, आता आवाजच नाही! असं मनाशी म्हणून मी खुणेचे बोल बंद केले. नुसता आबांच्या कोपराला हात लावायचा आणि कानाशी पुटपुटायचं. माझी मी खूश. पण रागात एक गोष्ट मी विसरले. इतके दिवस माझ्या शब्दावर कानिफ आपणच जाळ कमी करायचा, म्हणून पुढं पुढं आबांनी तो हुकूम देणंच सोडून दिलं होतं. मी कोपराला हात लावला. आबांना वाटलं, जाळ कमी झालाच असणार. खाली कानिफ माझ्या आवाजाची वाट बघत चिपाडं सारत राहिला, आणि मी फुगून काहिलीकडंच पाठ केलेली.

करपल्याचा वास आला तेव्हा उशीर झाला होता. काहिलीतलं सगळं आधण काळं पडलं. काहिलीच्या बुडाशी डांबरासारखा थर बसला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी!

काकासाहेब धावत आले. "जाळावर कोन हुतं?"

"मी," कानिफ म्हणाला.

"डोळा लागला हुता का?"

तो आबांकडं बघू शकला असता. एक वाक्य बोलला असता, तर सुटला असता. त्यानं खाली मान घातली. "व्हय. लागला हुता."

"उचल बोचकं."

आणि तो खरंच बोचकं बांधायला लागला. माझ्या बापाची अब्रू त्यानं आपल्या बोचक्यात घातली आणि गाठ मारली. मी चुलवाणाच्या काठावर उभी राहून ती गाठ बघत होते, आणि मला कळलं, की आता मी गप्प बसले तर जन्मभर स्वतःला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"काकासाहेब, थांबा! चूक त्येंची न्हाई, माजी हाय."

मी सगळं सांगितलं. आबांचे डोळे, खुणेचे बोल, माझा राग. सगळे आबांकडं बघायला लागले. आबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"पोरगी खरं बोलतीया," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. मला काहील दिसत न्हाई, काकासाहेब."

काकासाहेब चिपाडाच्या ढिगावर मटकन बसले. "म्हंजी दोन वर्सं बाजारात माझा गूळ पयला उचलत्यात, त्यो..."

"तिचा," आबा म्हणाले.

"आन् बाईमाणसानं लक्ष घातलं की गूळ फसतो, त्ये?"

"गूळ कुठं फसला? तुमीच की!" झुंबरबाई म्हणाली, आणि काकासाहेबांना रागावावं की हसावं ते कळेना.

मी पदर खोचला. काहील घासून घेतली, नवा रस ओतायला लावला. "आता कुनीबी पाठ करायची न्हाई," मी म्हटलं. "समद्यांनी हितं या. नीट बघा."

दोन म्हातारे गडी सवयीनं तरीही वळले. झुंबरबाईनं त्यांना खांद्याला धरून सरळ केलं.

"चांगू," आबांचा आवाज बारीक झाला होता, "तीन पिढ्यांची चीज हाय..."

"झाकून ठिवली म्हनून तर आज ही येळ आली, आबा. एका मानसाचे डोळे गेले की समदं गुऱ्हाळ आंधळं! जाळावरच्याला ठावं असतं आपुन जाळ का कमी करतो, तर त्यो माझ्या शबुदासाठी अडून बसलाच नसता." मी त्यांचा हात धरला. "तुमी नाकानं वळखता पाक. त्ये मला बी येत न्हाई. त्ये शिकवा समद्यांना."

आबांनी पटका डोक्याला गुंडाळला आणि काहिलीच्या काठाला येऊन वाफेत चेहरा धरला. "भेंडी आताच नगं," ते म्हणाले. "हिरवा वास जाऊ दे. आला का नाकात हिरवा वास? या, वास घ्या समदी."

त्या दिवशी आमच्या गुऱ्हाळावर बारा माणसं काहिलीभोवती नाकं पुढं करून उभी होती. मी चुन्याचं माप मोठ्यानं सांगितलं. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी कशी वळायची, ती काठावर मारली की कसा आवाज यायला हवा, ते प्रत्येकाला करायला लावलं. मी खुल्या मनानं दिलं, पण त्यात माझा एक स्वार्थ होता, तोही सांगते. आता ही विद्या वाऱ्यावर गेली. ती मिळवायला कुणाचा जावई व्हायची गरज उरली नाही. बघू, आता कोण मला मागतं!

बोचकं काखेत धरून कानिफ सगळ्यांच्या मागं उभा होता. त्याची गोळी पहिल्या खेपेलाच खणखणीत वाजली.

काकासाहेबांनी त्याला राहू दिलं. पुढचे दोन आठवडे गुऱ्हाळ असं चाललं, की काय सांगू! कुणीही म्हणे, "चांगे, मळी आली बघ," कुणी म्हणे, "जाळ जास्त हुतोय." आबा मध्ये बसून वास घेत आणि चुकणाऱ्याला हाक मारत. सगळे बोलत होते. न बोलणारे दोघंच, तो आणि मी. मी त्याला गरम गोळा द्यायला जायची, तो "पोळंल" असं आपणच म्हणून घ्यायचा, आणि आम्ही दोघंही दुसरीकडं बघायचो.

मग सोनईहून काकासाहेबांचे मेहुणे आले. त्यांच्या गुऱ्हाळाला गुळव्या हवा होता. काकासाहेबांनी कानिफचं नाव सुचवलं.

तो मला कालव्यावर भेटला. मी कळशी भरत होते.

"सोनईला बोलावत्यात," तो म्हणाला. "जाऊ का?"

"मला काय इचारता? विद्या घ्यायला आलता. मिळाली."

"व्हय," तो म्हणाला. "मिळाली." त्यानं माझी भरलेली कळशी उचलून काठावर ठेवली, आणि तो वळून गेला.

त्या दिवशी चुलवाणाचा धूर डोळ्यांत फार जातोय, असं मी झुंबरबाईला सांगितलं. तिनं मला पदर दिला आणि त्या दिवशी चुलवाण पेटलेलंच नाही, याची आठवण करून दिली नाही. बाई तोंडाळ आहे, पण मनाची मोठी.

पंचवीस दिवस गेले. मी मोजत नव्हते, पण होते पंचवीसच.

आणि एका सकाळी गुऱ्हाळापुढं बैलगाडी थांबली. तिच्यातून एक उन्हानं रापलेली, काटक बाई उतरली. मागून कानिफ. धुतलेलं धोतर, हातात धडुत्यात बांधलेली गुळाची ढेप. "ही माझी आई. साळूबाई," तो आबांना म्हणाला. पण ढेप त्यानं आबांपुढं ठेवली नाही. माझ्यापुढं ठेवली.

"ही म्या केली. एकट्यानं. सोनईवाल्यांनी म्होरल्या सालाला बी यायला सांगितलंया." तो एक एक शब्द जपून टाकत होता. "आबा, तुमच्या घरात मला आता शिकायचं असं काय ऱ्हायलं न्हाई. म्हनून आलो. त्या टायमाला मी 'तसं बी चालंल' म्हनलो. मूर्ख हुतो. घाबरलो, आन् तोंडाला येईल त्ये बोललो. ह्यांना वाटलं, मला इद्येपायी ह्या पायजेत. कालव्यावर मी 'इद्येपायी न्हाई' म्हनलो असतो, तर ह्यांनी का इस्वास ठिवला असता? म्हनून सोनईला गेलो. विद्या हातात घेऊन बघितली. लोक मला गुळवे म्हनत्यात तितं, मान देत्यात..." तो थांबला. मग आबांकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाला, "आन् गूळ वाफ्यात वतला, की पयला गोळा कुनाच्या हातानं घ्यावा, तेवढं मातुर कळंना. चांगुणा, मला तुमी पायजे. दुसरं काय बी नगं."

सगळं गुऱ्हाळ काम टाकून बघत होतं. मला उडी मारावीशी वाटत होती, रडावंसं वाटत होतं. पण मी रंगनाथआबांची मुलगी. मी खाली बसले, ढेपेचा एक खडा फोडला, तोंडात टाकला, आणि अगदी सावकाश चघळला.

"रंग ब्येस हाय," मी म्हटलं. "पर जरा मऊ ऱ्हायलाय. काहील लवकर उतरवलीत."

"उतरवली," तो म्हणाला.

"घाई कसली हुती येवढी?"

"हितं यायची."

मग मात्र मला हसू आवरलं नाही. साळूबाईही हसली, आणि पुढं होऊन तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी उठले, तिच्या पाया पडले आणि आबांना म्हटलं, "मुहूर्त काढा. होळीच्या आधीचा."

"आगं, पर होळीपातुर दोन्ही गुऱ्हाळं चालू हायेत!" आबा गडबडले. "दोन्हीकडचे गुळवे मांडवात बसल्यावर हितं काहील कोन उतरवनार?"

"मी हाय की!" झुंबरबाई म्हणाली, आणि पदर खोचून काहिलीकडं चालायला लागली.